ऐतिहासिक घर विकणे आहे, माफी असावी

आमचं घर ऐतिहासिक आहे हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही टपालपेटीत पडलेल्या एका चिठ्ठीवरून. तोपर्यंत ते आजोबांचं घर होतं, गळणारं घर होतं आणि फल्दीलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या भाषेत, तिची सवत होतं. चिठ्ठी मर्लीझ नावाच्या बाईंची होती. लोकांची घरं विकून देणं हा त्यांचा धंदा. "बो-काप या जुन्या वस्तीतलं आपलं जीर्णोद्धार केलेलं ऐतिहासिक घर आम्ही बाहेरून पाहिलं आणि थक्क झालो. नुसती किंमत जाणून घ्यायला काय हरकत आहे?" असं त्यांनी लिहिलं होतं. मलाही वाटलं, काय हरकत आहे? माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे याच वाक्याने सुरू झालेले आहेत (लग्न सोडून. तिथे हे वाक्य फल्दीलाच्या वडिलांचं होतं).

मी विरघळलो याला कारण होतं. अकरा वर्षं मी त्या घरामागे लागलो होतो. मी पाणीपुरवठा खात्यातला कारकून. बांधकामाचं माझं शिक्षण म्हणजे वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक, आणि त्याचीही पहिली वीस पानं कोणीतरी फाडलेली (पाया कसा तपासावा हे बहुधा त्या वीस पानांत होतं). तरी मी भिंतींवरचे रंगाचे सात थर खरवडले, चुन्याचा गिलावा स्वतः कालवला आणि छताच्या फळ्या उपटून आतल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या पिवळ्या लाकडाच्या तुळया उघड्या केल्या. फळ्यांबरोबर दीडशे वर्षांची धूळही खाली आली, ती नेमकी मेहुणीच्या साखरपुड्याच्या बिर्याणीत.

हजला जायचं म्हणून आम्ही दोघं जे काही बाजूला टाकत होतो ते आधी तुळयांत गेलं आणि मग वर सरकणाऱ्या सागवानी खिडक्यांत. "एवढ्या खिडक्या होऊ दे, मग यात्रेसाठी नाव नोंदवू," असं मी दर वर्षी म्हणायचो. फल्दीला काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं मी धरून चालायचो.

मर्लीझबाई एका मंगळवारी आल्या. त्यांनी तुळयांवरून हात फिरवला, खिडकी वर-खाली सरकवून पाहिली आणि "हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?" असं विचारलं. हा प्रश्न मला अकरा वर्षांत कोणीही विचारला नव्हता. मग वही काढून त्या म्हणाल्या, "परिसर शांत आहे ना?" "अगदी शांत," मी म्हणालो, आणि तेवढ्यात सिग्नल हिलवरची दुपारी बाराची तोफ धडाडली. बाईंच्या हातून पेन पडलं. आम्हाला त्या तोफेचं काही वाटत नाही, आम्ही तिच्यावर घड्याळ लावतो. पेन उचलून बाईंनी वहीत 'शांत' असंच लिहिलं आणि मग किंमत सांगितली. मी ती त्यांना परत सांगायला लावली.

माझे गुडघे त्याच आठवड्यात जास्त दुखायला लागले हा योगायोग नव्हे. आमचा जिना अरुंद आणि उभा आहे, घरपट्टी दर वर्षी वाढते, आणि बासष्टाव्या वर्षी माणसाने किती चढ-उतार करायची, असं सगळं मी फल्दीलाला समजावून सांगितलं.

"आणि राहायचं कुठे?" तिने विचारलं.

"शहराच्या उत्तरेला एक नवी वसाहत झालीय. तळमजला मिळतोय. जिना नाही. फाटकावर पहारेकरी."

"शेजारी कोण?"

"शेजारी शांत आहेत म्हणे."

"शांत म्हणजे एकमेकांना ओळखत नाहीत, की भांडून बसलेत?"

 त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. आमच्या गल्लीची एक समिती आहे. भराभर घरं बाहेरच्यांना विकली जायला लागली तेव्हा समितीने एक शपथपत्र काढलं. 'आम्ही आमचं घर गल्लीत विचारल्याशिवाय बाहेर विकणार नाही.' तेवीस घरांनी सह्या केल्या. मजकूर फार जोरकस होता, वाचताना दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तो तोंडपाठ आहे, कारण तो मीच लिहिला होता. समितीचा चिटणीसही मीच.

"म्हणजे पाटी लावायची नाही," मर्लीझबाई म्हणाल्या. "काही हरकत नाही, गाजावाजा न करता विकू. फक्त पुढची भिंत रंगवून घ्या. पोपटी रंगाला परदेशी गिऱ्हाईक बिचकतं. पांढरा द्या."

आमची गल्ली म्हणजे गुलाबी, जांभळं, केशरी आणि निळं. त्यात मी शिडी लावून आमचं घर पांढरं केलं. फल्दीला ओट्यावर उभी राहून बघत होती. "घराला बरं नाहीसं दिसतंय," एवढंच म्हणाली. समोरच्या टिटी मैमुना मात्र खिडकीतून ओरडल्या, "पांढरा. वा तोयर, मनात काहीतरी चांगलं आहे तुझ्या." टिटी म्हणजे थोरली बहीण. वय वर्षं एक्याऐंशी, पण अख्ख्या गल्लीच्या त्या थोरल्या बहीणच. मी शिडीवरून हात हलवला आणि रंगाच्या डब्यात पाय घातला.

घर विकायला देण्याच्या कागदांवर सही करायची वेळ आली तेव्हा फल्दीलाने एक अट घातली.

"चार पिढ्या आपण इथे राहिलो. कोणाचं मन दुखावलेलं ठेवून मी उंबरठा ओलांडणार नाही. प्रत्येक दारात जायचं, माफी मागायची, आणि का निघालोय तेही सांगायचं. मग मी सही करते."

"सांगतो ना," मी म्हणालो.

त्या शनिवारी दुपारच्या नमाजानंतर मी निघालो. आधी टिटी मैमुनांचं दार. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. आधी माफी, मग गुडघे, मग घरपट्टी आणि शेवटी विक्री, असा क्रम ठरवला होता.

"टिटी, माफी मागायला आलोय," मी सुरुवात केली. "इतकी वर्षं समोरासमोर राहिलो, कळत नकळत काही चुकलं असेल तर..."

त्यांनी दाराची चौकट धरली. "कधी निघताय?"

"दोनएक महिन्यांत."

"फल्दीलासुद्धा?"

"फल्दीलासुद्धा. तिला सोडून कसा जाईन?"

टिटी रडायलाच लागल्या. मला आत ओढलं, माझं कपाळ हुंगलं आणि म्हणाल्या, "हे बघायला तुझी आई हवी होती रे." मी चकित झालो. मी घर विकतोय हे आईला कळलं असतं तर तिने मला लाटण्याने हाणलं असतं. पण मला वाटलं, बातमी आधीच फुटलेली दिसते आणि म्हातारीने ती मोठ्या मनाने पचवलीय. मग गुडघे आणि घरपट्टी कशाला काढा? 

"आता माझंही ऐक," टिटी म्हणाल्या. "तूही मला माफ कर. रविवारी सकाळी मी कोसिस्टर तळते, पाकात घोळते आणि गल्लीभर पाठवते ना? तीस वर्षं तुमच्या ताटात मी वाकडे, फुटलेले आणि तेल प्यालेले घातले. सरळ असतील ते इमामसाहेबांकडे जायचे."

"आम्हाला तेच फार आवडायचे, टिटी."

"म्हणून तर मन खायचं मला."

तीस वर्षं मी तेच वाकडे कोसिस्टर पाकासकट चाटूनपुसून खाल्ले होते, आणि ताट परत करताना त्यात फल्दीलाच्या हातचा केकचा तुकडा घालून "टिटी, तुमच्यासारखे कोणाला जमत नाहीत" असं म्हटलं होतं. मी माफ करून टाकलं.

पुढचं दार बूटा शमीलचं. बूटा म्हणजे थोरला भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, निवृत्त शिंपी, आमची भिंत सामाईक. माफी हा शब्द ऐकल्यावर त्याने माझे दोन्ही खांदे धरले.

"खोटं बोलणार नाही, तोयर. क्षणभर जळलो."

मला वाटलं, याला किंमतसुद्धा कळलेली दिसते. "तुझंही होईल कधीतरी," मी म्हणालो.

"सात वर्षं वाट बघतोय," तो म्हणाला आणि त्याने मला मिठी मारली. मग खाली बसून चष्मा काढला. "जुन्या घरांच्या वारसा कार्यालयात तुझ्या पन्हळीची तक्रार झाली होती, आठवतं? ती मी केली होती. दोनदा. दुसऱ्यांदा डाव्या हाताने लिहिली."

त्या तक्रारीमुळे माझं काम आठ महिने बंद होतं. त्या आठ महिन्यांत मी संशयापोटी अख्ख्या गल्लीशी बोलणं टाकलं होतं आणि माझं दुःख रोज संध्याकाळी एकट्या शमीलपाशी हलकं करत होतो. तो मला चहा द्यायचा आणि म्हणायचा, "लोक फार वाईट."

अशी तेवीस दारं झाली. प्रत्येक दारात मी एक माफी मागायचो आणि बदल्यात एक कबुली घेऊन यायचो. कोणी आमच्या नळाचं पाणी घेतलं होतं, कोणी माझी शिडी मोडून गुपचूप परत ठेवली होती. एका बाईंनी तर फल्दीलाच्या गाजलेल्या मसाल्याची कृती चोरून ती स्वतःची म्हणून सुनेला दिली होती.

आता तुम्हाला जे सुचलंय ते मला सुचायला हवं होतं. हजचे दिवस दोन महिन्यांवर आले होते. आमच्याकडे जो माणूस त्या सुमारास घर रंगवतो आणि दारोदार जाऊन माफी मागतो तो एकाच ठिकाणी निघालेला असतो. मी जन्मापासून हे बघत आलोय. लहानपणी आजोबांचं बोट धरून मीसुद्धा अशा घरांत गेलोय. पण माझ्या डोक्यात त्या दिवसांत मर्लीझबाईंनी सांगितलेली किंमत होती, आणि ती असताना तिथे दुसरं काही मावत नव्हतं.

"सांगितलंस?" मी घरी आल्यावर फल्दीलाने विचारलं.

"सगळ्यांना कळलंय. रडले बिचारे. माफ केलं सगळ्यांनी."

"तू सांगितलंस, की त्यांना कळलंय?"

"एकच ना ते."

"एकच नाही," ती म्हणाली. पण तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तीन ते पाच गिऱ्हाइकांना घर दाखवायचं ठरलं होतं. मर्लीझबाईंनी सकाळपासून आमचं घर आमच्यापासून मोकळं केलं. भिंतीवरचे आई-वडिलांचे फोटो कपाटात गेले, चौकटीतली कुराणातली आयत पलंगाखाली जाणार होती ती फल्दीलाने हिसकावून स्वतःच्या पिशवीत ठेवली. जेवणाच्या टेबलावर एका भांड्यात बारा लिंबं आली (ती फक्त बघायची होती). दारात एका मेजावर माहितीपत्रकांची चळत आणि नाव, फोन, शेरा असे रकाने आखलेली एक वही ठेवली. "तुम्ही दोघं पाचपर्यंत बाहेर जा," बाई म्हणाल्या. "मालक दिसले की गिऱ्हाईक अवघडतं."

आम्ही निघणार तेवढ्यात शमील आला. त्याच्या मागे चौघे जण मशिदीतल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आले. त्यांच्या मागे ताटं घेतलेल्या बायका, बायकांच्या मागे इमाम रिदवान, आणि मग उरलेली गल्ली. अत्तराचा, वेलदोड्याचा आणि तळणीचा वास घरभर झाला. मर्लीझबाईंनी एवढी गिऱ्हाइकं जन्मात पाहिली नव्हती. त्या हरखून माहितीपत्रकं वाटत सुटल्या.

"घर बघायला आलात?" त्यांनी टिटी मैमुनांना विचारलं.

"या घरातली चार बारशी आणि सहा मयती बघितल्यात मी, पोरी."

"म्हणजे आतली रचना माहीत आहे. छान. काय विचार आहे आपला?"

"विचार कसला? आज सगळे सरळ आणलेत," टिटी म्हणाल्या आणि त्यांनी कोसिस्टरचं ताट लिंबांच्या जागी ठेवलं.

वहीसमोर तर रांग लागली. हजला जाणाऱ्याने तिथे आपल्यासाठी काय मागायचं हे लोक लिहून देतात. मर्लीझबाईंनी त्यासाठी वहीची सोय केलीय हे पाहून सगळ्यांना त्या फार समंजस वाटल्या.

मला आणि फल्दीलाला मधोमध दोन खुर्च्यांवर बसवलं. आमच्या मांडीवर वस्तू जमायला लागल्या. जाड मोजे, तळपायाला लावायचं मलम, दोन छत्र्या, बिनवासाचा साबण. बिनवासाचा साबण बघितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण यात्रेच्या त्या दिवसांत सुगंधी साबण चालत नाही.  मी फल्दीलाकडे पाहिलं. तिला हे दारातल्या खुर्च्या पाहूनच कळलं होतं.

"तू सांग," ती ओठ न हलवता म्हणाली.

"आत्ता? एवढ्या लोकांत?"

"काल तेवीस दारांत एकेकटे होते."

मी उठणार होतो. खरंच उठणार होतो. पण शमील पुढे आला आणि त्याने माझ्या हातात एक कापडी पट्टा ठेवला. यात्रेत कमरेला बांधतात तसला, आत खिसा शिवलेला. "मी स्वतः शिवलाय. नाव नोंदवलं त्याच दिवशी," तो म्हणाला. "सात वर्षं कपाटात आहे. तुझा नंबर आधी लागला, तर तू घेऊन जा. माझा लागेल तेव्हा दुसरा शिवेन." मी परत बसलो. त्या पट्ट्याची शिलाई इतकी बारीक आणि सरळ होती की मला तिच्याकडे बघवेना.

एवढ्यात खरं गिऱ्हाईक आलं. एक जर्मन जोडपं, दोघंही उंच. ओट्यावरच्या चपलांचा ढीग पाहून त्यांनी निमूटपणे बूट काढले, आत येऊन भिंतीशी उभे राहिले आणि इमामसाहेबांनी हात वर केल्यावर त्यांनीही केले. दुआ झाली. मग इमामसाहेब म्हणाले, "शमील, तो कागद वाटलाय त्यावर काय आहे? वाच मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

शमीलने चष्मा लावला आणि मशिदीत वाचतो त्याच सुरात वाचायला लागला. "जीर्णोद्धार केलेलं ऐतिहासिक घर. तीन शयनगृहं. मूळच्या तुळया. डोंगराचा देखावा. शांत परिसर. विकणे आहे."

मागून कोणीतरी सवयीने "आमीन" म्हणालं.

 शमीलने कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"तोयर, हे कोणाचं घर?"

"माझं."

"म्हणजे तू हजला..."

"नाही. वसाहतीत. उत्तरेला. गुडघे..."

"काल तू माफी मागितलीस."

"घर सोडून जाणार म्हणून."

"मग मी जे सांगितलं? पन्हळीचं?"

"ते मी विसरलो, बूटा."

"तू विसरलास," तो म्हणाला. "मी नऊ वर्षं धीर जमवून ते एका हाजीला सांगितलं होतं."

कोणी आवाज चढवला नाही, शपथपत्राचा विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. एकेक करून लोक उठले आणि घडीच्या खुर्च्या मिटायला लागले. चाळीस खुर्च्या मिटल्याचा आवाज मी एकेक करून ऐकला. टिटी मैमुना जाता जाता थांबल्या. "दिलेली माफी मी परत घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण एकदा विचारायचंस तरी. माझा नातू भाड्याने राहतो." मी शमीलला पट्टा परत द्यायला गेलो. "ठेव," तो म्हणाला, "माझा नंबर येईपर्यंत माझं पोट काही त्यात मावायचं नाही." तो हसला नाही, म्हणून मलाही हसता आलं नाही.

मर्लीझबाई वही घेऊन आल्या. "शेऱ्याच्या रकान्यात हे काय लिहिलंय? 'गुडघा.' 'शफीकला बायको मिळू दे.' 'मुलीचं मन वळू दे.' यांच्यातलं कोणी गंभीर आहे का?"

"सगळेच आहेत," फल्दीला म्हणाली.

जर्मन बाई रुमालाने डोळे पुसत होत्या. अशा शेजारासाठी आपण हाम्बुर्ग सोडायला तयार आहोत, असं त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, हे सगळं घराबरोबर येतं.

मला नाही म्हणता आलं असतं. सोमवारी त्यांचा होकार आला तरी पक्कं व्हायला आठवडा होता. त्या आठवड्यात गल्लीत सगळे मला रीतसर सलाम करत होते, तब्येत विचारत होते, आणि मी जाईपर्यंत ओट्यावरचं बोलणं थांबवत होते. पुढच्या रविवारी सकाळी टिटींकडून कोसिस्टर आले. सहाच्या सहा सरळ, सोनेरी, एकसारखे. आणि ते कागदी ताटलीत होते. तीस वर्षं त्यांचं निळ्या काठाचं चिनी मातीचं ताट यायचं आणि आम्ही ते भरून परत करायचो. कागदी ताटली परत करायची नसते. मी ते सगळे कोसिस्टर खाल्ले, आणि इतके चांगले कोसिस्टर इतक्या वाईट मनाने कोणी खाल्ले नसतील. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सही करून आलो.

"गुडघ्यांसाठी विकायला काढलंस आणि लाजेपायी विकलंस," फल्दीला म्हणाली. 

वसाहत चांगली आहे. जिना नाही. अठ्ठेचाळीस घरं, सगळी राखाडी, सगळ्यांचे पडदे एका मापाचे. भिंतीतून कोणाचं खोकणं ऐकू येत नाही. गुडघे आता दुखत नाहीत, कारण चालत जावं असं आसपास काहीच नाही. जर्मन जोडपं वर्षातून तीन आठवडे येतं. बाकी वर्षभर माझ्या सागवानी खिडक्या बंद असतात. दुसऱ्या हिवाळ्यात टिटी मैमुना गेल्या. आमच्यात माती त्याच दिवशी होते. गल्लीत असतो तर त्यांच्या घरचं रडणं मला माझ्या ओट्यावर ऐकू आलं असतं आणि खांदा देणाऱ्यांत मी पहिला असतो. इथे फोन संध्याकाळी आला. फल्दीला स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी काय विकलं, आणि ते परत मिळणार नाही हेही त्याच वेळी कळलं.

घर विकल्याच्या महिन्यातच फल्दीलाने आमची दोघांची नावं हजसाठी नोंदवली होती. यावेळी मला विचारलं नव्हतं. चार वर्षांनी नंबर आला. म्हणजे पुन्हा माफी. आम्ही गल्लीत गेलो. शमील आता हाजी शमील झालाय, त्याने दार उघडलं, माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि म्हणाला, "आधी कुठे निघालास ते लिहून दे." मी लिहून दिलं. त्याने चष्मा लावून ते नीट वाचलं आणि मगच मिठी मारली. बंद असलेलं आमचं जुनं दार सोडून आम्ही सगळीकडे गेलो. समोरच्या दारात टिटींचा नातू होता, त्याने आजीच्या वतीने माफ केलं.

"आता इथले शेजारी," घरी आल्यावर फल्दीला म्हणाली.

"यांना मी ओळखतसुद्धा नाही."

"न ओळखता चार वर्षं राहिलास, त्याचीच माग."

मी फाटकाजवळच्या यंत्रावर एकेका घराची घंटी दाबत गेलो.

"कोण?"

"सहा नंबरमधला."

"काय हवंय?"

"माफी."

यंत्र खरखरलं. मग, "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. कळत नकळत काही झालं असेल तर."

"पहारेकऱ्याला बोलावू का?"

नऊ जणांनी बोलावलं. नवव्या खेपेला पहारेकऱ्याने माझ्यासाठी खुर्चीच आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या व्यवस्थापनाकडून पत्र आलं की सहा नंबरच्या रहिवाशाने नेमकं काय नुकसान केलं आहे ते लेखी कळवावं. आणि संध्याकाळी चौदा नंबरमधला माणूस दारात येऊन उभा राहिला. तरुण होता, मोबाइलमध्ये गाडीचा फोटो होता, उजव्या दारावर लांबच लांब ओरखडा.

"हे तुम्ही केलंत का?"

मी काही केलं नव्हतं. त्याची गाडी कुठली हेही मला माहीत नव्हतं. "सांग ना, नाही म्हणून," फल्दीला मागून पुटपुटली. पण अठ्ठेचाळीस घरांतून आपल्या पायांनी माझ्या दारापर्यंत आलेला तो एकटाच होता. हा गेला की मला माफ करायला त्या वसाहतीत दुसरं कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "मीच. माफ करा."

त्याने मोबाइल खाली घेतला. मग त्याचा चेहरा सैल झाला. "ठीक आहे," तो म्हणाला. "स्वतःहून कबूल केलंत. माफ केलं."  मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, आत ये, चहा घे म्हणालो.

तो उंबरठ्याच्या आत आला, बूट काढले, खुर्चीवर बसला आणि त्याने मोबाइलमधला पुढचा फोटो माझ्यासमोर धरला.

"मग काका, मागचा दिवाही तुम्हीच फोडलात ना?"